सत्तावीस धावांचा हिशेब

किंग्स्टनच्या सबिना पार्क मैदानावर १४ जुलै २०२५ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी सामन्यात वेस्ट इंडीजचा दुसरा डाव अवघ्या २७ धावांत आटोपला. विजयासाठी २०४ धावा हव्या होत्या आणि वेळेची टंचाई मुळीच नव्हती. तरीही डाव पंधरा षटकेसुद्धा चालला नाही. सात फलंदाजांना भोपळा फोडता आला नाही. मिचेल स्टार्कने नऊ धावांत सहा बळी घेतले. त्यांतील पाच पहिल्या पंधरा चेंडूंत. दोन आकडी धावसंख्या गाठणारा एकच फलंदाज निघाला, जस्टिन ग्रीव्ह्ज, आणि त्याच्या धावा अकरा. कसोटी क्रिकेटच्या जवळजवळ दीडशे वर्षांच्या इतिहासात याहून कमी धावांत आजवर एकच डाव संपला आहे, तो न्यूझीलंडचा १९५५ मधील २६ धावांचा. वेस्ट इंडीजच्या मंडळाने तातडीची बैठक बोलावली आणि तीस क्लाइव्ह लॉइड, व्हिव्ह रिचर्ड्स व ब्रायन लारा यांना पाचारण केले. घरात चोरी झाल्यावर वडीलधाऱ्यांना बोलावण्याचाच हा प्रकार होता. वडीलधारी मंडळी आली, हळहळली. परंतु चोरी कोणत्या वाटेने झाली, हा प्रश्न त्यामुळे सुटतो असे नाही.

सबिना पार्क हे नाव मराठी वाचकास परके नाही. १९७१ च्या मालिकेतील पहिला सामना याच मैदानावर झाला होता. गोव्यात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी तेथे २१२ धावा केल्या आणि पहिला दिवस पावसाने वाया गेल्यामुळे दीडशे धावांची आघाडीही फॉलोऑनला पुरते, हा नियम अजित वाडेकरांनी गॅरी सोबर्सच्या ध्यानात आणून दिला. ती मालिका भारताने जिंकली. सुनील गावसकरांनी पदार्पणातच चार सामन्यांत ७७४ धावा केल्या. पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच मैदानावर चित्र पालटले. होल्डिंगच्या वेगापुढे एकामागून एक फलंदाज जायबंदी झाले आणि बिशनसिंग बेदीच्या संघाचा दुसरा डाव ९७ धावांवर संपला, कारण उरलेले पाच जण खेळण्याच्या अवस्थेतच नव्हते. त्या पाच वर्षांच्या काळात जगातील सर्वाधिक भीतिदायक संघ आकारास येत होता. १९८० ते १९९५ या पंधरा वर्षांत त्या संघाने एकही कसोटी मालिका गमावली नाही. अशी पकड आजवर दुसऱ्या कोणत्याही संघास जमलेली नाही.

या संघाच्या ऱ्हासाची जी कारणे नेहमी सांगितली जातात, ती ऐकण्यास सोपी आहेत. अमेरिकन दूरचित्रवाणीमुळे तेथील मुले बास्केटबॉलकडे वळली. नव्या पिढीत शिस्त राहिली नाही. पैशाच्या लोभाने खेळाडू देशाला पाठ दाखवतात. यांपैकी पहिले कारण फारसे टिकणारे नाही. धावण्याच्या शर्यती आणि फुटबॉल हे खेळ कॅरिबियन बेटांवर लॉइडच्या काळातही लोकप्रिय होतेच. शिवाय जमैका, त्रिनिदाद, गयाना, बार्बाडोस आणि इतर लहान बेटे यांची एकत्रित लोकसंख्या मुंबई महानगराच्या निम्मीही भरत नाही. एक लाखाच्या आसपास वस्ती असलेल्या अँटिग्वाने रिचर्ड्स, अँडी रॉबर्ट्स, रिची रिचर्डसन आणि कर्टली अ‍ॅम्ब्रोझ दिले. ज्या भूमीत गुणवत्तेचे पीक इतके दाट येत असे, तेथे थोडी मुले दुसऱ्या खेळाकडे गेल्याने दुष्काळ पडावा, हे पटण्यासारखे नाही.

खरे तर दुष्काळ पडलेलाच नाही. जगात जेथे जेथे वीस षटकांच्या लीग स्पर्धा भरतात, तेथे कॅरिबियन खेळाडूंना मोठी मागणी असते. आंद्रे रसेल, सुनील नारायण, निकोलस पूरन ही नावे कोलकात्यापासून दुबईपर्यंत सर्वांस परिचित आहेत. वेस्ट इंडीजने वीस षटकांचा विश्वचषक २०१२ आणि २०१६ अशा दोन वेळा जिंकला. २०१६ मध्ये तर पुरुषांच्या, महिलांच्या आणि १९ वर्षांखालील मुलांच्या अशा तीन जागतिक स्पर्धा त्यांनी एकाच वर्षात जिंकल्या. मुलांच्या अंतिम सामन्यात हरलेला संघ भारताचा होता. ज्या मालास बाजारात असा उठाव आहे, त्याचे उत्पादन थांबले आहे असे कोण म्हणेल? प्रश्न उत्पादनाचा नाही. माल तयार कोण करतो, त्याच्यावरची अखेरची प्रक्रिया कोठे होते आणि त्याची किंमत कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्न आहे.

यासाठी प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वेस्ट इंडीज नावाचे राष्ट्रच अस्तित्वात नाही. ते निर्माण करण्याचा एक प्रयत्न १९५८ मध्ये झाला. ब्रिटिश अमलाखालील बेटांचे संघराज्य स्थापन झाले. परंतु १९६१ च्या सार्वमतात जमैकाने बाहेर पडण्याचा कौल दिला आणि १९६२ मध्ये ते संघराज्य विसर्जित झाले. जमैका व त्रिनिदाद त्याच वर्षी वेगवेगळे स्वतंत्र झाले, गयाना आणि बार्बाडोस १९६६ मध्ये. राजकारणाने जे तोडले ते क्रिकेटने जोडून ठेवले. फ्रँक वॉरेल हा संपूर्ण मालिकेसाठी नेमलेला पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. त्याच्या नेमणुकीसाठी सी. एल. आर. जेम्स या विचारवंताने त्रिनिदादच्या वृत्तपत्रातून मोहीम चालवली होती आणि १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात वॉरेलने ती निवड सार्थ ठरवली. त्यानंतरच्या तीन दशकांत या संघाने बेटांना जी अस्मिता दिली, ती कोणत्याही संसदेला देता आली नव्हती.

परंतु अस्मितेने विमानाचे भाडे भागत नाही. या संघामागे एक सरकार नाही, एक तिजोरी नाही, एक चलनही नाही. जमैकाचा डॉलर वेगळा, त्रिनिदादचा वेगळा, बार्बाडोसचा वेगळा. मंडळाची मालकी सहा प्रादेशिक संघटनांकडे आहे आणि प्रत्येकीचे हितसंबंध निराळे. आपल्याकडे रणजी करंडकाचा संघ रेल्वेने रात्रीचा प्रवास करून दुसऱ्या शहरात खेळू शकतो. जॉर्जटाउनहून किंग्स्टनला जायचे तर दोन हजार किलोमीटरांहून अधिक समुद्र ओलांडावा लागतो. त्यामुळे देशांतर्गत स्पर्धेचा खर्च प्रचंड आणि तिला प्रेक्षक व प्रायोजक मात्र तुटपुंजे. परिणामी अलीकडच्या वर्षांत तेथील चार दिवसांच्या स्पर्धेत खेळाडूच्या वाट्याला हंगामात सात-आठहून अधिक सामने येत नाहीत. इंग्लंडमध्ये कौंटीकडून खेळणाऱ्यास चौदा मिळतात.

मग १९८० च्या दशकातील तो बलाढ्य संघ घडला कसा? तेव्हाही बेटे गरीबच होती आणि समुद्रही तेवढाच रुंद होता. उत्तर इंग्लंडमध्ये सापडते. लेअरी कॉन्स्टंटाइन १९२९ मध्ये लँकेशायरमधील नेल्सन या गावाच्या क्लबाकडून व्यावसायिक म्हणून खेळू लागला. तेव्हापासून कॅरिबियन खेळाडूंची तिकडे रीघ लागली. १९६८ मध्ये कौंटी संघांना परदेशी खेळाडू तत्काळ घेण्याची मुभा मिळाली आणि हा प्रवाह रुंदावला. लॉइड लँकेशायरकडून, रिचर्ड्स व गार्नर सॉमरसेटकडून, ग्रीनिज व मार्शल हँपशायरकडून खेळले. उन्हाळाभर, दर आठवड्याला, ओल्या आणि कोरड्या खेळपट्ट्यांवर, थकलेल्या पायांनी खेळण्याचे जे शिक्षण त्यांना मिळाले, त्याचे शुल्क इंग्रज कौंटींनी भरले. पुढे १९७७ मध्ये केरी पॅकरने या खेळाडूंना आपल्या तंबूत घेतले. तेथे त्यांना चांगला पैसा मिळाला, शिवाय डेनिस वेट हा ऑस्ट्रेलियन व्यायामशिक्षक मिळाला. पॅकरचा तंबू उठल्यावरही वेट वेस्ट इंडीज संघाबरोबर राहिला आणि त्या चार जलद गोलंदाजांच्या ताफ्याची सहनशक्ती त्याने घडवली.

थोडक्यात, कच्चा माल बेटांचा, प्रक्रिया परक्या कारखान्यात आणि पक्का माल मात्र हिवाळ्यात घरी परत. हा सौदा वेस्ट इंडीजच्या कमालीचा फायद्याचा होता. त्यात मंडळाची दूरदृष्टी अशी काही नव्हती. तो योग होता. पुढे इंग्लंडने परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घातली, तेव्हा तो योग ओसरू लागला. त्या पंधरा वर्षांच्या भरभराटीत मंडळाने स्वतःची प्रबोधिनी, स्वतःची मैदाने, शाळांतील खेळाची पक्की व्यवस्था यांत पुरेशी गुंतवणूक केली नाही. सुगीच्या वर्षी बियाणे राखून न ठेवणाऱ्या शेतकऱ्यास पुढे जे भोगावे लागते, तेच त्यांच्या वाट्यास आले. १९९५ मध्ये याच सबिना पार्कवर स्टीव्ह वॉच्या द्विशतकाने ऑस्ट्रेलियाने मालिका जिंकली, त्याच्या बऱ्याच आधी आतून वाळवी लागली होती. लारा, अ‍ॅम्ब्रोझ आणि वॉल्श या असामान्य खेळाडूंमुळे ती काही वर्षे दिसली नाही, इतकेच.

कॅरिबियन बेटांच्या इतिहासाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना येथे साखरेच्या मळ्यांची आठवण होईल. ऊस बेटांवर पिके, शुद्धीकरणाचा आणि विक्रीचा नफा लंडन व ब्रिस्टलमध्ये साचे. जॉर्ज बेकफर्डसारख्या जमैकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मळ्यांच्या अर्थव्यवस्थेवर जे लिहिले, त्याचा रोख हाच होता. त्याआधी सेंट लुशिया या चिमुकल्या बेटावर जन्मलेल्या आर्थर लुईस यांनी १९५४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात उष्ण प्रदेशातील मालाची उत्पादकता वाढली तरी तिचा लाभ मुख्यतः ग्राहक देशांना का मिळतो, याची मीमांसा केली होती. १९७९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना लुईस यांचे प्रतिमान पाठ असते. ते कोणत्या मातीतून उगवले याचा विचार मात्र क्वचितच होतो. (२०२५ मध्ये तिन्ही प्रकारच्या संघांची धुरा ज्याच्याकडे सोपवली गेली, तो प्रशिक्षक डॅरेन सॅमी हाही त्याच बेटाचा.)

अर्थात साखरेची उपमा पुरती लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. उसाच्या मळ्यातील मजुराच्या हाती काही उरत नसे. आजच्या क्रिकेटपटूच्या हाती मात्र भरपूर उरते, आणि त्यात वाईट काही नाही. जून २०२५ मध्ये निकोलस पूरनने वयाच्या २९ व्या वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडले. त्याने एकही कसोटी सामना खेळलेला नाही. त्याच्यावर देशद्रोहाचा शिक्का मारणे सोपे आहे. परंतु एखाद्या कारकुनास किंवा शिक्षकास कमी दिवसांच्या कामासाठी कैकपट वेतन देऊ केले, तर तो काय करील याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे. नुकसान होते ते ज्या संस्थेने खेळाडू घडवला तिचे. कौंटीच्या काळात पक्का माल परत येत असे. आता तो परत येत नाही. शिवाय लीगमध्ये चार षटके टाकण्याचे किंवा वीस चेंडू खेळण्याचे जे शिक्षण मिळते, ते पाच दिवसांच्या सामन्यात फारसे उपयोगी पडत नाही. लीगचे चालक खेळाडूच्या करारातील काही हिस्सा त्याच्या मंडळाला देतात, हे खरे. पण एक खेळाडू घडवण्यासाठी दहा मुलांवर दहा वर्षे जो खर्च होतो, त्याची भरपाई एवढ्याने होणे शक्य नाही.

यात मंडळ निर्दोष आहे असे कोणी समजू नये. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्वेन ब्राव्होच्या नेतृत्वाखालील संघ मानधनाच्या वादावरून धर्मशाला येथील सामन्यानंतर भारतीय दौरा अर्धवट टाकून निघून गेला. तो वाद खेळाडूंच्या संघटनेशी आणि मंडळाशी होता. भुर्दंड यजमानांना पडला आणि भारतीय मंडळाने सुमारे चार कोटी वीस लक्ष डॉलरांचा दावा लावला. ज्या मंडळास आपल्याच खेळाडूंशी करार करताना परदेशच्या भूमीवर अशी नामुष्की पत्करावी लागते, त्याच्या कारभाराविषयी अधिक काय बोलावे? चौकशा मात्र पुष्कळ झाल्या. जमैकाचे माजी पंतप्रधान पी. जे. पॅटर्सन यांच्या समितीचा अहवाल २००७ मध्ये आला. कॅरिबियन सरकारांनी नेमलेल्या यूडीन बॅरिटो यांच्या समितीने २०१५ मध्ये मंडळ बरखास्त करण्याचीच शिफारस केली. २०२० मध्ये डॉन वेहबी यांचा अहवाल आला. तिघांचा सूर मिळताजुळता: सहा प्रादेशिक संघटनांच्या मुठीतून कारभार सोडवा आणि तो जबाबदार करा. समित्या नेमणे आणि त्यांचे अहवाल कपाटात ठेवणे ही कला केवळ आपल्याकडेच अवगत आहे असे नव्हे.

परंतु मंडळ उद्या आदर्श झाले, तरी त्याच्या हाती येणारा पैसा किती, हा प्रश्न उरतोच. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०२४ ते २०२७ या काळासाठी उत्पन्नाची जी वाटणी ठरवली, तिच्या प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार भारताच्या वाट्यास ३८.५ टक्के आणि वेस्ट इंडीजच्या वाट्यास सुमारे साडेचार टक्के येतात. दुसरी व्यवस्था दौऱ्यांची. पूर्वी पाहुण्या संघाला यजमानांकडून ठरावीक रक्कम अथवा उत्पन्नाचा हिस्सा मिळत असे. आता मालिकेचे सारे उत्पन्न यजमान मंडळ ठेवते. पुढे परतीचा दौरा करून त्याने फेड करावी, अशी कल्पना. कागदावर ही परस्परता न्याय्य दिसते. परंतु ऑस्ट्रेलियाच्या बाजारात एका मालिकेचे प्रक्षेपण हक्क ज्या भावाने विकले जातात, त्या भावाने बार्बाडोसमधील मालिका विकली जाणे कदापि शक्य नाही. समान वाटणीचा हा नियम प्रत्यक्षात असमान विनिमय ठरतो. २०२३-२४ च्या हंगामात चार महिन्यांत ऑस्ट्रेलियास संघ पाठवण्यासाठी वेस्ट इंडीज मंडळास वीस लक्ष डॉलरांहून अधिक खर्च आला आणि त्याच्या बदल्यात काहीच हाती पडले नाही, असे त्यांच्या तत्कालीन मुख्याधिकाऱ्यांनी जाहीरपणे सांगितले होते.

२०२० च्या उन्हाळ्यातील उदाहरण याहून बोलके आहे. महामारीमुळे इंग्लंडचा हंगाम बुडण्याच्या बेतात होता. तेव्हा वेस्ट इंडीजचा संघ जीव मुठीत धरून तेथे गेला, बंदिस्त मैदानांवर तीन कसोटी सामने खेळला आणि इंग्लंडचे प्रक्षेपणाचे उत्पन्न वाचवले. त्याच वेळी त्या खेळाडूंचे वेतन त्यांच्या मंडळाने निम्म्यावर आणले होते, कारण तिजोरीत पैसा नव्हता. इंग्लंडच्या मंडळाने कर्ज दिले आणि पुढे कॅरिबियन दौऱ्यात दोन सामने अधिक खेळले. ही कृतज्ञता होती, हिस्सा नव्हता.

भारताच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. क्रिकेटच्या जागतिक उत्पन्नाचा मोठा भाग भारतीय प्रेक्षकांमुळे निर्माण होतो. मग त्याचा मोठा वाटा भारतास का मिळू नये? याचे उत्तर असे की क्रिकेटचा सामना हा संयुक्तपणे निर्माण होणारा माल आहे. एका संघाने एकट्याने खेळून तो तयार होत नाही. प्रतिस्पर्धी जितका दुबळा, तितके त्या मालाचे मोलही कमी. भांडवलशाहीच्या माहेरघरी, अमेरिकेत, व्यावसायिक फुटबॉलच्या संघमालकांनी हे केव्हाच ओळखले. राष्ट्रीय प्रक्षेपणाचे उत्पन्न ते सर्व संघांत समान वाटून घेतात, आणि सर्वांत तळाच्या संघाला नवे खेळाडू निवडण्याचा पहिला हक्क देतात. त्यांना समाजवादाचा पुळका आला आहे असे नाही. एकतर्फी सामन्यांना प्रेक्षक येत नाहीत, एवढेच त्यांना कळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अहमदाबादला भारताने वेस्ट इंडीजला एक डाव आणि १४० धावांनी तीन दिवसांत हरवले. त्या सामन्यात जिंकण्याचा आनंद किती भारतीयांना झाला, हे त्या विस्तीर्ण मैदानातील रिकाम्या खुर्च्या पाहिलेल्यांना ठाऊक आहे.

आज वेस्ट इंडीजच्या मंडळाचे अंदाजपत्रक भारत आणि इंग्लंड यांचे संघ तिकडे केव्हा जातात यावर तोलले जाते. कोकणातल्या शेतकऱ्याने पावसाकडे डोळे लावावेत, तशी ती प्रतीक्षा असते. ज्या वर्षी हे पाहुणे येतात त्या वर्षी उसंत. उरलेल्या वर्षी उसनवारी. अशा स्थितीत पाच-दहा वर्षांची योजना आखायची तरी कशी?

संघाचा प्रत्यक्ष खेळ या पार्श्वभूमीवर तपासला, तर त्यात एक सुसंगती दिसते. २०२२ मध्ये स्कॉटलंड व आयर्लंडकडून हरून वीस षटकांच्या विश्वचषकाच्या प्राथमिक फेरीतच संघ गारद झाला. २०२३ मध्ये भारतात झालेल्या एकदिवसीय विश्वचषकासाठी तो पात्रच ठरला नाही; पहिले दोन विश्वचषक जिंकणाऱ्या संघावर असा प्रसंग प्रथमच आला. सप्टेंबर २०२५ मध्ये बरेच प्रमुख खेळाडू नसताना शारजात नेपाळकडून मालिका गमावली. परंतु याच काळात जानेवारी २०२५ मध्ये मुलतानला पाकिस्तानविरुद्ध कसोटी जिंकली गेली. डावखुरा फिरकी गोलंदाज जोमेल वॉरिकन मालिकावीर ठरला. ऑगस्टमध्ये पाकिस्तानविरुद्धची एकदिवसीय मालिकाही पदरात पडली; तसे १९९१ नंतर घडले नव्हते. सबिना पार्कची नामुष्की या दोन यशांच्या मधोमध आहे. ज्या संघात दम नाही, त्याचे निकाल असे वरखाली होत नाहीत. तो सातत्याने हरतो. या संघात दम आहे, पण तो पुरत नाही.

अहमदाबादनंतर दिल्लीला हेच दिसले. फॉलोऑन मिळाल्यावर दुसऱ्या डावात जॉन कॅम्पबेल आणि शाय होप यांनी शतके काढली, संघाने ३९० धावा केल्या आणि सामना पाचव्या दिवसापर्यंत नेला. होपचे याआधीचे कसोटी शतक २०१७ मधील होते; लीड्सला एकाच सामन्यात दोन शतके झळकावून त्याने इंग्लंडला हरवले होते. एवढ्या गुणी फलंदाजास मध्ये आठ वर्षे शतक मिळू नये आणि त्यांपैकी काही वर्षे तो कसोटी संघाबाहेर राहावा, यातच बरेच काही आले. डिसेंबर २०२५ मध्ये क्राइस्टचर्चला तर विलक्षण प्रकार घडला. ५३१ धावांचे अशक्य लक्ष्य समोर असताना संघाने ६ बाद ४५७ पर्यंत मजल मारून सामना अनिर्णित राखला. २०२ धावांवर नाबाद राहिलेला फलंदाज होता जस्टिन ग्रीव्ह्ज. सबिना पार्कवर अकरा धावा करणारा तोच. त्याच्या साथीला ३७ वर्षांचा केमार रोच तासन्तास उभा राहिला. गोलंदाज म्हणून ज्याची कारकीर्द सरत आली, त्या रोचला बॅट हाती घेऊन तळ ठोकणे जमते आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलांना जमत नाही, याचे कारण रोचने लांब पल्ल्याचे क्रिकेट भरपूर खेळले आहे. पुढचे दोन्ही सामने मात्र न्यूझीलंडने सहज जिंकले.

गोलंदाजीची अडचण निराळी. जेडन सील्स, शमार जोसेफ आणि अल्झारी जोसेफ हे त्रिकूट धडधाकट असेल, तर जगातील कोणत्याही फलंदाजीला ते जड जाते. परंतु भारताच्या २०२५ च्या दौऱ्यात दोन्ही जोसेफ दुखापतींमुळे येऊ शकले नाहीत. त्यांच्या जागी येणाऱ्यांत आणि त्यांच्यात फार मोठे अंतर आहे. लॉइडकडे चौघे खेळत असत आणि आणखी चौघे बाहेर बसलेले असत. साठा नसलेल्या दुकानदाराला एका गिऱ्हाइकाची पाठवणी करता येते. दिवसभर दुकान चालवता येत नाही.

म्हणून या संघाच्या भवितव्याविषयी अंदाज करायचा तर तो असा करावा लागेल. एखादा कसोटी सामना तो अधूनमधून जिंकेल आणि त्या दिवशी जगाला धक्का बसेल. बलाढ्य संघांच्या भूमीवर मालिका जिंकणे पुढील काही वर्षे त्याच्या आवाक्याबाहेर राहील. वीस षटकांच्या खेळात तो कोणासही हरवू शकेल, कारण तेथे साठा लागत नाही आणि शिक्षणाचे शुल्क लीगवाले भरतात. कर्णधार बदलून, प्रशिक्षक बदलून किंवा जुन्या वीरांची समिती नेमून यात फरक पडणार नाही. कसोटी देशांची दोन श्रेणींत विभागणी करण्याची कल्पना मधूनमधून पुढे येते. ती अमलात आली, तर भारत व इंग्लंड यांचे दौरे थांबतील आणि बेटांवरचा तो उरलासुरला पाऊसही जाईल.

दुसरे एक संकट लॉस एंजेलिसहून येत आहे. २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेटचा समावेश झाला आहे. परंतु ऑलिंपिक चळवळीला वेस्ट इंडीज हा घटक ठाऊक नाही. तेथे जमैका आहे, बार्बाडोस आहे, त्रिनिदाद आहे. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांच्या क्रिकेटमध्ये बार्बाडोसचा संघ खेळला तो याच कारणाने. एकदा एखादे बेट स्वतःच्या ध्वजाखाली पदकासाठी खेळू लागले की मग कसोटी संघासाठी आपले खेळाडू आणि आपला पैसा का द्यायचा, असा प्रश्न तेथील पुढारी विचारणारच नाहीत असे नाही. १९६१ मध्ये जमैकाच्या मतदारांनी अशाच एका प्रश्नाचे उत्तर दिले होते. स्वतंत्र होऊन ही बेटे वीस षटकांचे सामने खेळू शकतील. कसोटी संघ उभा करण्याचे सामर्थ्य त्यांतील एकाकडेही नाही.

जानेवारी २०२४ मधील ब्रिस्बेनचा सामना अनेकांच्या स्मरणात असेल. शमार जोसेफ हा गयानातील बाराकारा या गावचा. तेथे केवळ नदीमार्गाने जाता येते. काही काळापर्यंत तो सुरक्षारक्षकाची नोकरी करीत होता आणि पहिला प्रथमश्रेणी सामना खेळून त्याला जेमतेम वर्ष होत होते. पायाच्या बोटावर स्टार्कचा चेंडू बसून तो आदल्या संध्याकाळी लंगडत बाहेर गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने ६८ धावांत सात बळी घेतले आणि वेस्ट इंडीजने तो सामना आठ धावांनी जिंकला. ऑस्ट्रेलियात २७ वर्षांनी मिळालेला तो पहिला कसोटी विजय होता; समालोचन कक्षात लाराला अश्रू आवरले नाहीत. पंधरवड्याच्या आत भारतीय लीगमधील लखनौ संघाने जोसेफला करारबद्ध केले. सामन्याच्या तिकिटांचे आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न, नियमाप्रमाणे, ऑस्ट्रेलियाच्या मंडळाकडे राहिले.